माणकाचा धनी

28 नोव्हेंबर 1885 रोजी इंग्रजांच्या आगबोटी इरावती नदीतून मंडालेला येऊन थडकल्या. दोन आठवड्यांपूर्वी सरहद्द ओलांडलेल्या या फौजेला मिन्ह्लाचा किल्ला सोडला, तर वाटेत फारसा विरोध झाला नव्हता. सेनापती होता जनरल प्रेंडरगास्ट. राजकीय अधिकारी म्हणून सोबत कर्नल एडवर्ड स्लेडन होता. मंडालेच्या दरबारात त्याने पूर्वी इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून काम केलं होतं. त्याला बर्मी भाषा येत होती आणि राजवाडाही ओळखीचा होता. त्याने ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला शरण यायला सांगितलं. राजाने दुसऱ्या दिवसापर्यंतची मुदत मागितली आणि ती मिळाली. त्या रात्री राजवाड्यातल्या बायकांना दरवाज्यांतून ये-जा करायची मोकळीक होती. काय काय बाहेर गेलं, याचा हिशेब नंतर कोणालाच लावता आला नाही. 29 तारखेला 26 वर्षांच्या राजाला, राणी सुपयालतला आणि त्यांच्या दोन लहान मुलींना साध्या बैलगाड्यांतून नदीवर नेऊन बोटीत चढवलं गेलं. ब्रह्मदेशाची राजेशाही तिथे संपली.

त्या गडबडीत एक अंगठी नाहीशी झाली. तिच्यातल्या माणकाचं नाव ‘न्गा मौक’. बर्मी राजांच्या जामदारखान्यातला हा सर्वांत मोलाचा खडा. थिबाची तक्रार अशी होती, की स्लेडनने ती अंगठी पाहायला म्हणून मागून घेतली आणि परत केली नाही. पुढे हद्दपारीत असताना त्याने ही तक्रार लेखी मांडली. चौकशीतून काही निष्पन्न झालं नाही. स्लेडन 1890 मध्ये वारला. मंडालेहून नेलेली राजचिन्हं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती, ती ब्रिटनने 1964 मध्ये ब्रह्मदेशाला परत केली. त्यांत न्गा मौक नव्हतं.

हे माणिक गेलं कुठे, यावर खूप लिहिलं गेलं आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो दुसराच प्रश्न: ते मुळात कोणाचं होतं? मोगोकच्या खोऱ्यात निघालेल्या लाल खड्यांवर आधी राजाने हक्क सांगितला, मग लंडनच्या कंपनीने, मग लष्करी सरकारने. तिघांच्याही हातून चांगला खडा निसटत राहिला. का निसटला, याचं उत्तर न्गा मौकच्या जन्मकथेतच सापडतं.

दोन तुकडे

मंडालेच्या ईशान्येला सुमारे 200 किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ 4,000 फुटांवर मोगोकचं खोरं आहे. 1597 मध्ये बर्मी राजाने हा मुलूख शान सरदाराकडून घेतला आणि बदल्यात त्याला दुसरा प्रदेश दिला. माणकांची कीर्ती त्याआधीच दूरवर पोचली होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पेगूला गेलेला इटालियन प्रवासी लुदोविको दि वार्थेमा याने तिथल्या राजाला पोवळी नजर केली आणि राजाने उलट त्याला माणकं दिली, असं त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. मोगोकचा ताबा आल्यावर मात्र राजांनी खोऱ्याभोवती कडक पहारा बसवला. परक्या माणसाला तिथे जाणं जवळपास अशक्य झालं. खाणींचा स्वामी हे बर्मी राजाच्या बिरुदांपैकी एक होतं, आणि त्या बिरुदामागे एक नियम उभा होता: ठरावीक मोलापेक्षा वरचा प्रत्येक खडा राजाचा. खोदणाऱ्याने तो मुकाट्याने हवाली करायचा.

मोगोकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे. न्गा मौक नावाच्या खाणकामगाराला एक असामान्य माणिक सापडलं. त्याचे दोन तुकडे झाले. एक त्याने राजाला दिला आणि दुसरा लपवून परदेशी व्यापाऱ्याला विकला. तो तुकडा हिंडत फिरत शेवटी राजाच्याच पुढ्यात आला. दरबाऱ्यांनी दोन्ही तुकडे जवळ धरले, तर भेग भेगेला मिळाली. राजाने न्गा मौकला कुटुंबकबिल्यासकट जिवंत जाळायचा हुकूम दिला. त्याची बायको दॉ नान त्या वेळी टेकडीवर गेली होती. आपली माणसं जळताना तिने तिथून पाहिली. दॉ नानने जिथून पाहिलं ती टेकडी म्हणून आजही त्या टेकडीची ओळख सांगतात.

कथेतला तपशील दंतकथेचा आहे, पण तिच्यामागची वस्तुस्थिती खरी आहे. मोठा खडा सापडणं म्हणजे संकट सापडणं. राजाला द्यावा, तर हाती काही उरत नाही. लपवावा, तर जीव जातो. मग मोगोकचा माणूस काय करी? खडा फोडी. तुकडे नियमाच्या मर्यादेखाली आले, की उघडपणे विकता येत. निसर्गाने कोट्यवधी वर्षं खपून घडवलेले कितीतरी खडे असे हातोडीखाली गेले. मोगोकच्या मोठ्या माणकांच्या दुर्मिळतेला खनिजशास्त्राइतकाच हा कायदाही कारणीभूत आहे. ज्या नियमाने राजाला सगळे मोठे खडे मिळायचे, त्याच नियमाने ते त्याच्यापर्यंत पोचू दिले नाहीत.

रंग कसा येतो, आणि कोण ओळखतं

माणिक म्हणजे कुरुंद जातीचा खडा, ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. शुद्ध असला, तर तो बिनरंगी असतो. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या काही अणूंची जागा क्रोमियमने घेतली, की तो लाल होतो. क्रोमियम थोडं कमी पडलं, तर गुलाबी राहतो. थोडं लोह मिसळलं, तर लाली काळवंडते किंवा विटकरीकडे झुकते.

मोगोकचं भाग्य तिथल्या दगडात आहे. भारतीय भूखंड आशियाला भिडला, त्या उलथापालथीत तिथला चुनखडक तापून, दाबाखाली येऊन संगमरवर झाला आणि त्यात ही माणकं घडली. संगमरवरात लोह जवळपास नसतं. म्हणून मोगोकच्या खड्यात क्रोमियमची लाली निर्मळ राहते. शिवाय क्रोमियमचा आणखी एक गुण आहे. सूर्यप्रकाशातले निळे आणि अतिनील किरण शोषून ते स्वतः लाल उजेड टाकतं. लोह जास्त असेल, तर हा उजेड मरतो. थायलंडमधल्या चंथबुरीकडची माणकं बेसॉल्टशी निगडित खडकातली, लोहयुक्त. म्हणून ती गडद आणि काहीशी मुकी दिसतात. मोगोकचा उत्तम खडा उन्हात धरला, की फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा आतून पेटतो. रंग पृष्ठभागावर आहे असं वाटतच नाही.

भिंगातून पाहिलं, तर आणखी एक गोष्ट दिसते. खड्याच्या पोटात केसाहून बारीक सुयांची जाळी असते, ठरावीक कोनांत एकमेकींना छेदणारी. या रुटाइल नावाच्या खनिजाच्या सुया. जवाहिरे या जाळीला रेशीम म्हणतात. ती फार दाट असेल, तर खडा धुरकट होतो. मोजकीच असेल, तर आत शिरलेला उजेड सगळीकडे पसरवते. मग पैलूंच्या कडांवर एरवी दिसणारे काळे डाग मऊ होतात आणि लाली एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरून राहते. शास्त्र आज जे उपकरणांनी मोजतं, ते मोगोकच्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी हेरलं होतं.

त्यांनी रंगाची एक तपशीलवार प्रतवारी लावली होती. बर्मा रूबी माइन्स कंपनीत दीर्घकाळ काम केलेल्या जे. एफ. हॅलफर्ड-वॉटकिन्स याने ती नोंदवून ठेवली. सर्वांत वर कबुतराच्या रक्ताच्या रंगाचं माणिक: भरदार लाल, त्यात निळसरपणाची अगदी पुसटशी झाक, आणि वर तो आतला उजेड. त्याखाली सशाच्या रक्ताचा रंग, किंचित गडद. तिसरा रसरशीत गुलाबीकडे झुकणारा, युरोपियन साहेबांना आवडणारा. चौथा फिकट, हातातल्या दागिन्यांत ओळीने जडवायच्या कामाचा. आणि सर्वांत खाली जवळजवळ काळपट माणिक. त्याचं बर्मी नाव हिंदी माणसावरून पडलेलं आहे, कारण असले खडे मुंबई-मद्रासच्या बाजारात जात आणि ते पाहून हिंदी व्यापाऱ्यालासुद्धा रडू येईल, असं मोगोकमध्ये म्हणत. नवरत्नांच्या अंगठीत मधोमध सूर्याचं रत्न म्हणून माणिक बसवणाऱ्या आपल्या देशात, पैशांची ओढाताण असलेल्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला बहुधा हाच शेवटचा माल येत असे.

खडे पाहायची पद्धतही ठरलेली होती. पितळी थाळीत खडे ओतायचे, दिवसाच्या ठरावीक वेळच्या उन्हात बसायचं, बोटाने एकेक बाजूला सारायचा. ढगाळ हवेत सौदा करायचा नाही. दिव्याच्या उजेडात तर नाहीच, कारण दिव्याचा पिवळसर प्रकाश कुठल्याही लाल खड्याला खुलवतो. युरोपात अठराव्या शतकापर्यंत लाल खड्यांची गफलत चालू होती. इंग्लंडच्या राजमुकुटात समोर बसवलेलं ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ हे माणिक नाही, ते स्पिनेल जातीचं वेगळंच रत्न आहे. रोमे द लिल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1783 मध्ये या दोन जातींतला फरक शास्त्रशुद्ध रीतीने मांडला.

लंडनचा मक्ता

1885च्या युद्धाचं निमित्त सागवानाचं होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीने परवानगीपेक्षा जास्त लाकूड नेलं, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने तिला सुमारे 23 लाख रुपयांचा दंड केला. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांचा निर्वाणीचा खलिता आला आणि नोव्हेंबरमध्ये फौज. पण दंडाच्या मागे दुसरी धास्ती होती. त्याच वर्षी जानेवारीत थिबाने फ्रान्सशी करार केला होता, आणि रेल्वे, बँक आणि माणकाच्या खाणी फ्रेंचांच्या हाती जाणार अशी बोलवा होती. 1 जानेवारी 1886 रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला. इंग्रज फौज डोंगर चढून मोगोकला पोचली ती वर्षाच्या अखेरीस.

खाणींचा मक्ता मागणारे त्याच्या आधीच रांगेत उभे होते. लंडनच्या बाँड स्ट्रीटवरचा प्रसिद्ध जवाहिऱ्या एडविन स्ट्रीटर याने वर्षाला 4 लाख रुपये देऊ केले. मक्ता त्याला कसा दिला जातोय, यावरून इतर बोलीदारांनी ओरड केली. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलं. खाणींची खरी किंमत काय, हे पाहायला बॅरिंग्टन ब्राउन या भूशास्त्रज्ञाला पाठवलं गेलं. अखेर फेब्रुवारी 1889 मध्ये करार झाला: 4 लाख रुपये वार्षिक खंड आणि नफ्याचा सहावा हिस्सा सरकारला. रॉथ्सचाइल्ड पेढीच्या पाठबळावर बर्मा रूबी माइन्स लिमिटेड उभी राहिली. भाग विक्रीला आले, त्या दिवशी लंडनमधल्या त्यांच्या पेढीसमोर इतकी गर्दी लोटली, की खुद्द मालकमंडळींना शिडी लावून खिडकीतून आत शिरावं लागलं, असं सांगतात.

पेढीसमोर झुंबड करणाऱ्या त्या लोकांच्या डोळ्यांपुढे राजांच्या माणकांच्या कथा होत्या. प्रत्यक्षात मोगोकमध्ये माणकं असतात ती ‘ब्यॉन’ नावाच्या मातकट, खडेमिश्रित थरात. तो थर दऱ्यांच्या तळाशी आणि चुनखडकातल्या कपारींत साचलेला असतो. स्थानिक माणसं तो तीन तऱ्हांनी काढत. सपाटीवर चौकोनी अरुंद विहिरी खणून, डोंगरउतारावर पाण्याचा लोट सोडून माती धुऊन, आणि गुहांत शिरून. चार माणसांचं कुटुंब आपल्या बळावर हे करू शके. कंपनीने यंत्रं आणली. पाणी उपसायचे पंप, रूळ, धुण्याचे मोठे कारखाने, पुढे जलविद्युत केंद्रही. ब्यॉनचा सर्वांत समृद्ध थर मोगोक गावाच्या खाली आहे, असं लक्षात आल्यावर कंपनीने घरं विकत घेऊन गावच बाजूला हलवलं. पावसाळ्यात खाण बुडू नये म्हणून एक मैलाहून लांब बोगदा खोदायला घेतला.

एवढा खटाटोप करूनही अनेक वर्षं नफा दिसेना. माती टनांनी धुतली जाई, पण उत्तम खडे मोजकेच निघत. आणि जे निघत, ते सगळे कंपनीच्या तिजोरीत पोचत नसत. धुणाऱ्या, वेचणाऱ्या, पहारा करणाऱ्या, प्रत्येक हाताला खड्याची पारख होती आणि मजुरी तुटपुंजी होती. खडा हातातून खिशात जायला क्षण पुरे. राजाच्या काळात खडा फुटत होता, कंपनीच्या काळात तो गळू लागला. शेवटी कंपनीच्या उत्पन्नाचा भरवशाचा भाग कोणता ठरला? स्थानिक खाणकामगारांना जुन्या पद्धतीने खोदू देऊन त्यांच्याकडून माणशी घेतलेला परवाना. 1896 मध्ये सरकारने खंड 3 लाख 15 हजारांवर आणला. पहिला लाभांश वाटायला 1898 साल उजाडावं लागलं.

रत्नागिरीतला राजा

या सगळ्या काळात मोगोकचा जुना धनी कोकणात होता. मद्रासमध्ये काही महिने ठेवल्यावर एप्रिल 1886 मध्ये थिबाला समुद्रमार्गे रत्नागिरीला आणलं गेलं. त्या काळी रत्नागिरीला रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बोटी बंद होत, आणि नेमकं हेच सरकारला हवं होतं. आधी बंगल्यांत आणि 1910 पासून टेकडीवर त्याच्यासाठी बांधलेल्या वाड्यात त्याने आयुष्य काढलं. आज आपण त्याला थिबा पॅलेस म्हणतो. अर्धवर्तुळाकार खिडक्या, सागवानी काम, समोर भाट्याची खाडी आणि समुद्र. पर्यटक फोटो काढतात तो हाच वाडा.

राजाला सरकारी वर्षासन होतं, पण राजाचा परिवार, नोकरचाकर आणि राजेपणाच्या सवयी त्यात भागेनात. मंडालेहून सोबत आणता आलेली माणकं आणि दागिने तो हळूहळू विकू लागला. विकणाऱ्याची निकड ठाऊक असली, की घेणाऱ्याची बोली खाली येते. जगातल्या सर्वोत्तम माणकांचा स्वामी म्हणवणाऱ्या घराण्याचे खडे रत्नागिरीत सावकारांच्या हाती पडेल त्या भावाने गेले. तिकडे लंडनची कंपनी त्याच्या खाणी पिंजत होती, आणि इकडे त्याच्या पेटीतला साठा सरत होता. दोघांपैकी एकाच्याही हाती संपत्ती टिकली नाही.

डिसेंबर 1916 मध्ये थिबा रत्नागिरीतच वारला. राणी सुपयालतला 1919 मध्ये रंगूनला परतायची मुभा मिळाली आणि 1925 मध्ये तिथे तिचं निधन झालं. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली. तिची मुलगी इथेच लहानाची मोठी झाली, मराठीच बोलली, आणि तिचं आयुष्य हलाखीत गेलं. मोगोकच्या वारशापैकी तिच्यापर्यंत काहीही पोचलं नाही.

ज्योतीत घडलेला खडा

मंडाले पडलं त्याच सुमारास युरोपच्या बाजारात ‘जिनिव्हा माणकं’ नावाचे खडे दिसू लागले होते. ते कृत्रिम निघाले. पण खरा धक्का दिला ऑगस्ट व्हर्न्यूई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. 1902 मध्ये त्याने आपली रीत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची अगदी बारीक पूड, त्यात किंचित क्रोमियम, ही पूड ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. 2,000 अंश सेल्सियसच्या वर तापलेल्या त्या ज्योतीत पूड वितळते, थेंब खालच्या दांड्यावर पडून गोठतात, आणि काही तासांत बोटभर लाल कांडी तयार होते. रासायनिक घटनेने ती अस्सल माणिकच. 1907 पर्यंत या पद्धतीने वर्षाला सुमारे 50 लाख कॅरट माल निघू लागला होता.

भिंग घेऊन बसणाऱ्याला फरक कळतो. ज्योतीत घडलेल्या खड्यात वाढीच्या रेषा वक्र असतात, मधून हवेचे बारीक बुडबुडे असतात, आणि रेशीम नसतं. पण अंगठी घेणारे किती जण भिंग घेऊन बसतात? लोकांचा विश्वास उडाला. त्यात 1907-08 च्या आर्थिक मंदीची भर पडली आणि माणकाचा बाजार कोसळला. मोगोकचा तो लांबलचक बोगदा पुरा झाला 1908 मध्ये, म्हणजे खणून काढलेल्या मालाला गिऱ्हाईकच नव्हतं तेव्हा. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना याच वर्षी शिक्षा भोगायला मंडालेला नेलं गेलं. साम्राज्याने मंडालेचा राजा रत्नागिरीत ठेवला आणि रत्नागिरीचा लोकनेता मंडालेत. दोन्ही गावांना एकमेकांची ओळख या शिक्षांमधून झाली.

कंपनीला मधूनमधून आशेचे किरण दिसले. पहिलं महायुद्ध संपल्यावर 1919 मध्ये 42 कॅरटचा एक असामान्य कच्चा खडा निघाला. त्याला ‘पीस रूबी’, शांततेचं माणिक म्हणत. तो घेतला छोटालाल नानालाल या भारतीय व्यापाऱ्याने. पण एका खड्यावर कंपनी चालत नाही. 1925 मध्ये ती गुंडाळायचं ठरलं आणि 1931 मध्ये मक्ता सरकारला परत केला गेला. बोगदा निकामी झाला, आणि खणून काढलेल्या जागेत पाणी साचलं. मोगोकच्या मधोमध आज जे तळं दिसतं, ती कंपनीची खाण आहे.

तिसरा धनी

1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. 1962 मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि पुढच्या वर्षांत खाणी सरकारजमा झाल्या. राजाचा नियम नव्या कपड्यांत परत आला: खोदणारा कोणीही असो, चांगला खडा सरकारचा. परिणामही तोच झाला. खडे डोंगरवाटांनी थायलंडला जाऊ लागले. काही वर्षांत चंथबुरी आणि बँकॉक हे माणकाचे जागतिक बाजार झाले, आणि मोगोकच्या नावावर तिसऱ्याच देशातल्या पेढ्या वाढल्या. 2008 मध्ये अमेरिकेने बर्मी माणकांच्या आयातीवर बंदी घातली, 2016 मध्ये उठवली. 2021 मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. जुलै 2024 मध्ये तआंग जमातीच्या बंडखोर सेनेने लष्कराकडून मोगोक घेतलं. खोऱ्यातल्या घरांवर धनी बदलण्याची वेळ पुन्हा आली.

याच काळात मोगोकच्या रंगाची किंमत मात्र चढत राहिली. रिचर्ड बर्टनने 1968च्या नाताळात एलिझाबेथ टेलरला दिलेली 8.24 कॅरट माणकाची अंगठी 2011 मध्ये 42 लाख डॉलरला विकली गेली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात 23.1 कॅरटचं कार्मेन लुसिया माणिक आहे, तेही अंगठीतलं आणि मोगोकचंच. मे 2015 मध्ये जिनिव्हात 25.59 कॅरटच्या ‘सनराइज रूबी’ला 3 कोटी डॉलरहून जास्त मोल आलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या दोन नामांकित प्रयोगशाळांनी, गुबेलिन आणि एसएसईएफ यांनी, कबुतराच्या रक्ताचा रंग कशाला म्हणायचं याचे निकष एकमताने ठरवले: लाली किती भरीव, आतला उजेड किती, खडा तापवून सुधारलेला आहे का. आज हे विशेषण मोझांबिकच्या खड्यालाही लागतं. तिथल्या 55.22 कॅरटच्या माणकाला 2023 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुमारे 3 कोटी 48 लाख डॉलर मिळाले. मोगोकच्या माणसांनी थाळीपुढे बसून जो रंग निवडला, तो सगळ्या जगाचा मापदंड झाला.

प्रमाणपत्रावर आता देश लिहिलेला असतो, रंग लिहिलेला असतो, खडा तापवला की नाही तेही लिहिलेलं असतं. तो मातीतून उचलणाऱ्या माणसाला काय मिळालं, याचा रकाना नसतो. माझ्या मते हा रकाना नसणं हेच या सगळ्या इतिहासाचं मूळ दुखणं आहे.

मोगोकमध्ये आणखी एक रीत आहे, आणि तिची दखल मोठ्या पुस्तकांत ओझरतीच घेतली जाते. खाणीत धुऊन टाकून दिलेल्या मातीत बायका बसतात. त्यांना ‘कनसे’ म्हणतात. कमरेतून वाकून, पाण्यात हात घालून त्या टाकाऊ खडी पुन्हा धुतात आणि नजर चुकवून गेलेले बारीक खडे वेचतात. त्यांना सापडेल ते त्यांचं. खाणमालकाने त्यावर हक्क सांगायचा नाही. वेचलेला माल त्या स्वतः बाजारात नेऊन थाळीत मांडतात आणि स्वतः सौदा करतात. या व्यवहारात कोणी खडा फोडत नाही, लपवत नाही, सरहद्दीपार पळवत नाही. त्याची गरजच पडत नाही.

राजाने मृत्यूचं भय घातलं, कंपनीने कुलपं आणि पहारेकरी नेमले, लष्कराने बंदुका लावल्या. यांतलं काहीही टिकलं नाही. कनसे बायकांची रीत मात्र राजे, साहेब आणि सेनापती यांच्या हुकमांसारखी बळावर उभी नाही, कारण वेचणाऱ्या हाताला तिच्यात वाटा आहे. माणकाच्या चार शतकांच्या इतिहासातून मला एवढंच ठामपणे म्हणावंसं वाटतं: मोगोकवर उद्या ज्याची सत्ता येईल त्याने, आणि त्या रंगासाठी कोट्यवधी मोजणाऱ्या बाजारानेही, खड्याच्या किमतीतला ठरलेला हिस्सा तो काढणाऱ्याला आणि त्याच्या खोऱ्याला कायद्याने बांधून द्यावा. रत्नागिरीच्या वाड्यातही थिबाच्या कहाणीशेजारी मोगोकच्या खाणकामगारांची कहाणी लावावी. थिबाने गमावलेल्या संपत्तीची आपण हळहळ करतो. ती संपत्ती मातीतून ज्यांनी उचलली, त्यांचा हक्क त्याहून जुना आहे, आणि तो अजून द्यायचा बाकी आहे.